लतिकाला

दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर ओला टॉवेल होता आणि डोक्यावरचे केस वाढून मानेवर उतरले होते. गडहिंग्लजच्या स्टँडवरून रिक्षानं येताना मी त्यांचं एक चित्र मनात रंगवून ठेवलं होतं. जाड भिंगांचा चष्मा, टेबलभर वायरी, जरा तिरसट स्वभाव. त्यातलं काहीच जुळेना.

“प्रमिला खंडागळे, कऱ्हाडहून,” मी म्हटलं. “मेल पाठवला होता.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “खरंच आलात तुम्ही?” असं म्हणाले आणि दारातून बाजूला व्हायचंच विसरले.

आता हा मेल कसला, ते सांगायला हवं. मी जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं. त्यात व्याकरण माझ्याकडे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको असायचं. बोलता बोलता समोरच्याची वाक्यं दुरुस्त करायची माझी खोड त्यातूनच आलेली. तिच्यापायी माझ्याशी फोनवर बोलणारी माणसंही हळूहळू कमी झाली. या सगळ्यातून मी एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. पुस्तकी नव्हे, लोक बोलतात त्या मराठीचं व्याकरण. नोकरीत असताना सुरू केलं आणि निवृत्त झाल्यावरही ते संपायचं नाव घेईना.

हे पुस्तक मी ज्यात लिहीत होते, त्या प्रोग्रामचं नाव ‘लतिका’. एका प्रशिक्षण शिबिरात सगळ्या मास्तरांना त्याची सीडी फुकट वाटली होती. बाकीच्यांनी ती खिडकीत चमकायला टांगली असेल, मी वापरली. काम साधं होतं. एक मुद्दा लिहायचा, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. एक कळ दाबली की पोटातलं सगळं मिटून एक ओळ उरायची, पुन्हा दाबली की उलगडायचं. आणि आज्ञा सगळ्या मराठीत. ‘आत घे’, ‘बाहेर काढ’, ‘मीट’, ‘उघड’. व्याकरण म्हणजे नुसते नियम, पोटनियम आणि अपवाद. त्यांना यापेक्षा चांगलं घर कुठं मिळणार होतं?

मग माझा जुना कॉम्प्युटर बसला. नवीन आणला, तर त्यावर लतिका सुरूच होईना. फाइल पेन ड्राइव्हवर होती, पण ती दुसऱ्या कशात उघडली की वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं नुसती. माझी भाची रेवती पुण्यात याच धंद्यात आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं दहा मिनिटं बघितलं आणि हात झटकले. फाइल खराब झालीय, कचरा आहे सगळा, आणि सॉफ्टवेअर तर कधीचं मेलंय, असं म्हणाली. “कुणी मेंटेन करत नाही गं मावशी ते. सोड आता.”

सोड काय सोड. पहिल्यापासून सगळं लिहून काढायचं तर तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. सकाळी उठून चहा करायचाही कंटाळा यायचा. फाइल गेली म्हणजे पुस्तक गेलं आणि पुस्तक गेलं म्हणजे इतकी वर्षं मी काय केलं, या प्रश्नाला उत्तर उरत नव्हतं. इतकं ते सरळ होतं.

सीडीसोबत आलेल्या ‘मदत’ या छापील पानावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता मेलचा पत्ता होता. मी त्यावर एक लांबलचक मेल पाठवला. कॉम्प्युटर कुठला, अडचण काय, कुठं काय दिसतं, सगळं मुद्देसूद. उत्तर आलं नाही. वाट बघून थकले आणि एका दुपारी वैतागून दुसरा पाठवला. तो असा:

‘सप्रेम नमस्कार. लतिकाला आपण अजून सांभाळता का? बरीच वर्षं तिच्या सोबतीनं काम केलं. सध्या तिच्यावाचून फार अडलंय. भेटायला आले तर चालेल का? प्रमिला खंडागळे, कऱ्हाड.’

रेवतीच्या त्या ‘मेंटेन’ला मला ‘सांभाळणे’ हाच शब्द सुचला. दुसरा आहे तरी कुठला?

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. ‘हो. अजून मीच सांभाळतो. जमेल तोवर सांभाळीन. जरूर या. वसंतराव चौगुले.’ खाली पत्ता. मला इतका आनंद झाला की मी रेवतीला फोन करून ऐकवलं, बघ, म्हणे मेलंय. हे वसंतराव म्हणजेच बनवणारे आणि लतिका ही त्यांची बायको नाहीतर मुलगी, तिचं नाव दिलेलं असणार, असं मी धरून चालले. नाव बाईचं दिसलं की बनवणारा बाप्या असणार, हे बाई असून माझ्याही डोक्यात तितकंच घट्ट बसलेलं.

तर मी वसंतरावांच्या बाहेरच्या खोलीत बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. टेबलावर वायरी नव्हत्या, औषधांच्या बाटल्या होत्या. मी म्हटलं असतील आजारी, आणि वेळ न घालवता विषयाला हात घातला. बरीच वर्षं सांभाळताय का, विचारलं.

“आधी काही बघावंच लागायचं नाही,” ते म्हणाले. “अलीकडं मात्र रोजचं झालंय.”

“रोज?” मला त्यांचं कौतुक वाटलं.

“रोज म्हणजे, दिवसभर दुसरं काही होतच नाही.”

“एकटेच करता सगळं?”

“मदतीला कोण येतंय? एक बाई ठेवली होती, तिला जमलं नाही.”

मी मान हलवली. त्या कामाला बाई ठेवली होती म्हणजे कुणी इंजिनिअर मुलगी असणार. मग विचारलं, नेमका बिघाड कुठं आहे?

“सकाळी ठीक असते,” वसंतराव म्हणाले. “मग मधेच अडकते. तेच ते पुन्हा पुन्हा करते. कधी नाव सांगूनसुद्धा ओळखत नाही.”

“माझ्याकडं तर सुरूच होत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं जरा चमकून पाहिलं, पण दमलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायचीही ताकद नसते. त्यांनी ते सोडून दिलं. मी आपली पुढंच. यात काही नवी सुधारणा करायचा विचार आहे का, असं मी त्यांना विचारलं.

“सुधारणा आता व्हायची नाही,” ते म्हणाले. “आहे तेवढं टिकवायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.”

डॉक्टरांनी. माझ्या हातातलं पाणी तिथंच राहिलं. एवढ्यात ते उठले, “चला, आत बसलीय ती,” म्हणाले, आणि मी त्यांच्या मागून गेले.

आतल्या खोलीत खिडकीशी खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या. वेणी नीट घातलेली, म्हणजे नवऱ्यानं घातलेली, कारण ती एका बाजूला ओढली गेली होती. मांडीवर एक नॅपकिन होता. त्याची घडी घालायच्या, हातानं दाबायच्या, पुन्हा उलगडायच्या. “लतिका, बघ कोण आलंय तुला भेटायला,” वसंतराव म्हणाले. त्या बाईंनी वर पाहिलं, हसल्या आणि पुन्हा नॅपकिनकडं वळल्या.

वसंतराव माझ्याकडं वळून हळू आवाजात बोलू लागले. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते, लतिकाबाई पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवायच्या. घरी आल्यावरही काहीतरी बनवत बसायच्या. काय ते यांना कधी कळलं नाही आणि आता विचारायची सोय राहिली नाही. आजाराला तीनेक वर्षं झाली होती. आधी मैत्रिणी यायच्या, मग फोन यायचे, मग तेही थांबले. बायकोच्या मेलवर विजेची बिलं येतात म्हणून ते अधूनमधून उघडून बघायचे, इंग्रजी शब्द भरलेले लांब मेल जाहिराती समजून पुसून टाकायचे. माझा पहिला मेल कुठं गेला, ते मला तेव्हा समजलं.

“लोक विचारतात, पेशंट कसा आहे,” ते म्हणाले. “माझा सख्खा भाऊ म्हणतो, किती दिवस पेशंट सांभाळणार आहेस, ठेव कुठंतरी. त्याचंही चूक नाही, मी दमलोय हे त्याला दिसतं. पण तुम्ही नाव घेऊन विचारलंत. लतिकाला सांभाळता का, म्हणून. खरं सांगतो बाई, मला रडू आलं. त्या दिवशी मी ठरवून बसलो होतो, आता भावाला हो म्हणायचं. मग तुमचा मेल आला आणि म्हटलं, जमेल तोवर बघू.”

माझ्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. पर्स मांडीवर होती. मी तिचा बंद घट्ट धरून बसले.

बोलायचं काय यावर? मी तुमच्या बायकोची चौकशी केलीच नव्हती, मी एका प्रोग्रामची केली होती, असं त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं? माझं पुस्तक मला प्यारं होतं, पण इतकं नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही तिच्याबरोबर पॉलिटेक्निकला होतात का? मी म्हटलं, तिथं नाही, पण त्यांच्या सोबतीनं खूप काम केलंय. यातला एक शब्दही खोटा नव्हता. पुस्तकावर मी तिथंच पाणी सोडलं.

वसंतराव जरा घुटमळले. मग मानेवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, तुम्ही थोडा वेळ बसणार असाल तर... कोपऱ्यावरच आहे, केस कापून येतो. हिला एकटं सोडून जाता येत नाही आणि न्हाव्याकडं नेली तर ती घाबरते. मी म्हटलं, खुशाल जा, मला काही घाई नाही. पायात चपला सरकवून ते शाळा सुटल्यासारखे निघाले.

आम्ही दोघीच राहिलो. लतिकाबाईंनी नॅपकिनची घडी केली आणि विचारलं, “तुमचं काय काम होतं?”

मी म्हटलं, सहज आले. जरा वेळानं पुन्हा तोच प्रश्न, त्याच सुरात. ऑफिसात बसलेली बाई विचारते तसा. मी म्हटलं, तुम्हाला भेटायला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मनात आलं, हिला सांगितलं तर बिघडतं काय? घटकाभरात विसरून जाणार. आणि सांगायला दुसरं होतं तरी कोण? सांगून टाकलं सगळं. पुस्तक, लतिका, बसलेला कॉम्प्युटर, न उघडणारी फाइल. सांगता सांगता मलाच हुंदका आला.

त्यांचे हात थांबले. “उघडल्यावर काय दिसतं?”

“कचरा,” मी म्हटलं. “इंग्रजी अक्षरं, टिंबं.”

“कचरा कसा असेल?” त्या चक्क चिडल्या. “अक्षर लावलंय का?”

“कसलं अक्षर?”

“माझं. आपलं मराठी अक्षर. ते लावल्याशिवाय इंग्रजीच दिसणार. त्याच फोल्डरमध्ये ठेवलंय सगळ्यांसाठी. बघत कुणी नाही.” मग समजूत घालावी तसं म्हणाल्या, “आतलं सगळं साधंच असतं. कुठंही उघडतं. मी काय जन्माला पुरणार आहे का? म्हणून बरोबरच देऊन ठेवलं.”

अक्षर म्हणजे फॉन्ट. त्या काळात मराठी लिहायचं तर ज्याचा त्याचा स्वतःचा फॉन्ट असायचा. तो नसेल तर लिहिलेलं जागेवर असूनही वाचता यायचं नाही. हे रेवतीच्या पिढीला ठाऊक नाही आणि मी त्या काळातली असून विसरले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. थँक्यू म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला, नॅपकिन उलगडला आणि विचारलं, “तुमचं काय काम होतं?”

वसंतराव परतले तेव्हा ओळखू येईनात. केस बारीक, मान उघडी, चेहऱ्यावर पावडर. दारातच थांबले, कारण लतिकाबाई त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत ओळख नव्हती. मला वाटलं, झालं. एवढा वेळ माणूस मोकळा झाला, त्याची ही शिक्षा. वसंतरावांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पाय आत टाकलाच नाही.

“ह्यांना आत घ्या,” लतिकाबाई म्हणाल्या.

“दारात कुणीही आलं की असंच म्हणते,” वसंतराव ओशाळून मला म्हणाले. “परवा दूधवाल्याला म्हणाली. ओळखलं म्हणून नाही.”

असेलही. पण ‘आत घे’ ही लतिकातली पहिली आज्ञा. ओळ आत घेतली की ती वरच्या ओळीची होते. मग वरची ओळ जिकडं जाईल तिकडं ती बरोबर जाते. मी हे त्यांना समजावून सांगितलं. तुमच्या बायकोनं एक प्रोग्राम केला होता, त्यात असं होतं, एवढंच. कशासाठी आले होते ते नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “असं करायची होय ती?” मग बायकोशेजारी स्टुलावर जाऊन बसले.

घरी येऊन मी सीडीवरचा लतिकाचा फोल्डर उघडला. फॉन्ट तिथंच होता, सगळ्यांत खाली. लावला, आणि पडद्यावरचा कचरा एका दमात मराठी झाला. पुस्तक होतं तसं उभं राहिलं, शेवटी सोडलं होतं त्या ठिकाणी. तिथं कर्माच्या प्रकरणात मी एक प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. कर्म सजीव असलं की त्याला ‘ला’ लागतो, निर्जीव असलं की लागत नाही, असा नियम. मुलाला बोलावलं, आंबा खाल्ला. पण मग ‘सून मूल सांभाळते’ यात ‘ला’ का नाही? मूल निर्जीव आहे की काय? हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं.

रेवतीला सांगायचं म्हणून मी माझा तो मेल पुन्हा काढला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मला तेव्हा दिसलं. लतिकाला आपण अजून सांभाळता का. प्रोग्रामबद्दल विचारायचं तर ‘लतिका सांभाळता का’ असं लिहायला हवं होतं, गाडी सांभाळता का, घर सांभाळता का, तसं. मी ‘ला’ लावला होता. पडद्यावरच्या त्या पोरीशी रोज बोलता बोलता ती माझ्या नकळत माणूस झाली होती. आणि तिकडं जिवंत बाईचा ‘ला’ लोकांनी काढून घेतला होता. किती दिवस पेशंट सांभाळणार, म्हणून.

मी प्रश्नचिन्ह पुसलं आणि नियम लिहिला. ‘ला’ जिवंत असण्याचा नव्हे, ओळखीचा आहे. ज्याला आपण एक वेगळं माणूस म्हणून धरतो त्याला तो लागतो. ज्याचं नुसतं काम उरतं त्याचा गळतो. उदाहरणं म्हणून खाली दोन वाक्यं घातली. ‘ते पेशंट सांभाळतात.’ ‘ते लतिकाला सांभाळतात.’

त्यानंतर मी महिन्यातून एकदा गडहिंग्लजला जाऊ लागले. वसंतराव केस कापायला जायचे, मग बाजारातून हिंडून यायचे, एकदा तर हरवलेल्या चष्म्याच्या जागी नवीन करून आले. मी लतिकाबाईंशेजारी बसून माझी प्रुफं तपासायची. माझं काय काम आहे, हे त्या विचारायच्या. मी दर वेळी खरं सांगायची.

पुस्तक छापून यायला वेळ लागला. आलं तेव्हा लतिकाबाई जाऊन दोन महिने झाले होते. शेवटपर्यंत घरातच होत्या. मी एक प्रत वसंतरावांना पाठवली, त्या नियमाच्या पानावर खूण घालून. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “बाई, तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगू? त्या पानावर एक चूक राहिलीय.”

“कुठली?”

“‘सांभाळतात’ छापलंय. आता ‘सांभाळत होते’ असं पाहिजे ना? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घ्या.”

चूक दाखवली की ती सुधारायची, हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आले. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी म्हटलं, “वसंतराव, व्याकरणातली उदाहरणं वर्तमानकाळातच असतात. ती बदलता येत नाहीत.”

फोनवर पानं चाळल्याचा आवाज आला.

“नियमच आहे का तसा?” त्यांनी विचारलं.

“नियमच आहे,” मी म्हटलं.

“मग राहू दे,” ते म्हणाले.